स्वीट होम थ्रीडी

स्वीट होम थ्रीडी हे घराचा द्विमितीय आराखडा काढण्यासाठी, त्यात दारे, खिडक्या व फर्निचर मांडण्यासाठी आणि त्याच वेळी घराचे त्रिमितीय दृश्य पाहण्यासाठी वापरले जाणारे मुक्त सॉफ्टवेअर आहे. फ्रेंच आज्ञावलीकार इमॅन्युएल प्युबारे यांनी ते विकसित केले असून 'ईटेक्स' या नावाने ते प्रसिद्ध केले जाते. घराची अंतर्गत मांडणी स्वतः आखू पाहणारे सर्वसामान्य लोक, अंतर्गत सजावटीचे विद्यार्थी आणि शिक्षक हा त्याचा मुख्य वापरकर्तावर्ग आहे. सॉफ्टवेअर शिकण्यास सोपे असले तरी भिंतींची जाडी, खोल्यांचे क्षेत्रफळ, त्रिमितीय दृश्य, आयात केलेली प्रतिरूपे आणि संगणकाची स्मृती यांबाबत काही अडचणी वारंवार येतात. त्यांतील बहुतेक सॉफ्टवेअरमधील दोषांमुळे नव्हे, तर त्याची कार्यपद्धती नीट माहीत नसल्यामुळे उद्भवतात.

## पार्श्वभूमी

या प्रकल्पाचे काम २००५ च्या सुमारास सुरू झाले. सॉफ्टवेअर जावा या आज्ञावली भाषेत लिहिलेले असून ते जीएनयू जनरल पब्लिक लायसन्सखाली उपलब्ध आहे. त्याचा स्रोत सोर्सफोर्ज या संकेतस्थळावर ठेवलेला आहे. विंडोज, मॅकओएस आणि लिनक्स या तिन्ही कार्यकारी प्रणालींवर ते चालते. त्रिमितीय दृश्यासाठी 'जावा थ्रीडी' हे ग्रंथालय वापरले जाते. वास्तवसदृश छायाचित्रे तयार करण्यासाठी सुरुवातीपासून 'सनफ्लो' हे चित्रण-यंत्र वापरले जात असे. पुढील आवृत्त्यांमध्ये 'याफारे' हा दुसरा पर्यायही देण्यात आला.

## रचना

सॉफ्टवेअरच्या खिडकीचे चार भाग असतात. वर डावीकडे फर्निचरची सूची, तिच्याखाली आराखड्यात मांडलेल्या वस्तूंची यादी, वर उजवीकडे आराखडा आणि त्याखाली त्रिमितीय दृश्य. आराखड्यातील बदल त्रिमितीय दृश्यात लगेच दिसतो.

घराची फाइल ही प्रत्यक्षात एक झिप संचयिका असते. आराखड्याच्या माहितीबरोबरच वापरलेल्या वस्तूंची प्रतिरूपे, पोतांच्या प्रतिमा आणि पार्श्वभूमीचे चित्रही तिच्यात साठवले जाते. त्यामुळे फाइल दुसऱ्या संगणकावर नेली तरी वस्तू हरवत नाहीत. मात्र जड प्रतिरूपे वापरल्यास फाइलचा आकार झपाट्याने वाढतो.

भिंत, खोली आणि मापरेषा हे आराखड्यातील तीन स्वतंत्र घटक आहेत. खोली म्हणजे चार भिंतींमधली मोकळी जागा असे व्यवहारात मानले जाते. सॉफ्टवेअरच्या दृष्टीने मात्र खोली ही स्वतःचे कोपरे असलेली वेगळी बहुभुजाकृती असते. पुढे दिलेल्या अनेक अडचणींचे मूळ या फरकात आहे.

## मापांसंबंधी अडचणी

### पार्श्वभूमीच्या चित्राचे प्रमाण

घराचा छापील नकाशा उपलब्ध असल्यास त्याचे छायाचित्र किंवा स्कॅन केलेली प्रतिमा आराखड्याच्या मागे ठेवून तिच्यावरून भिंती गिरवता येतात. प्रतिमा आयात करताना तिच्यावरील एका ज्ञात लांबीवर रेषा ओढून ती लांबी आकड्यांत द्यावी लागते. या एका रेषेवरून संपूर्ण चित्राचे प्रमाण ठरते. ती तोकड्या मापावर, उदाहरणार्थ दाराच्या रुंदीवर ओढली, तर एखाद्या सेंटिमीटरची चूक पूर्ण घराच्या लांबीत कित्येक पटींनी वाढते. म्हणून नकाशातील सर्वांत लांब ज्ञात मापावर रेषा ओढणे आणि नंतर आडव्या व उभ्या अशा दोन्ही दिशांतील एकेक माप पडताळणे योग्य ठरते. मोबाइलने तिरका काढलेला फोटो वापरल्यास दोन दिशांची प्रमाणे वेगवेगळी येतात. हा दोष प्रमाणरेषेने दुरुस्त होत नाही, त्यासाठी नकाशा सपाट ठेवून पुन्हा प्रतिमा घ्यावी लागते. पार्श्वभूमीसाठी पीडीएफ फाइल थेट वापरता येत नाही. तिचे आधी जेपीईजी किंवा पीएनजी प्रतिमेत रूपांतर करावे लागते.

### भिंतीची जाडी

नव्या भिंतीची पूर्वनिर्धारित जाडी ७.५ सेंटिमीटर आणि उंची २५० सेंटिमीटर असते. भारतातील विटांच्या बांधकामात बाहेरील भिंत साधारणतः ९ इंची, म्हणजे सुमारे २३ सेंटिमीटर, आणि आतील भिंत साडेचार इंची, म्हणजे सुमारे ११.५ सेंटिमीटर असते. गिलाव्याची जाडी त्यात वेगळी मिळवावी लागते. पूर्वनिर्धारित जाडी न बदलता घर आखल्यास खोल्या प्रत्यक्षापेक्षा मोठ्या दिसतात. नव्या भिंतींची जाडी व उंची पसंतीच्या खिडकीतून आधीच ठरवता येते. आधी काढलेल्या भिंती एकत्र निवडून त्यांची जाडी एकाच वेळी बदलणेही शक्य असते.

### मध्यरेषा आणि आतील माप

भिंत काढताना दिलेली लांबी भिंतीच्या मध्यरेषेची असते. ते खोलीचे आतील माप नसते. नवशिक्या वापरकर्त्यांकडून होणारी ही सर्वांत सामान्य चूक आहे. समजा, खोली आतून ३.०० मीटर × ३.६० मीटर आहे आणि तिच्या चारही भिंती २३ सेंटिमीटर जाडीच्या आहेत. हीच मापे भिंतींना दिली, तर आतील जागा २.७७ मीटर × ३.३७ मीटर एवढीच उरते. क्षेत्रफळ १०.८० चौरस मीटरऐवजी सुमारे ९.३३ चौरस मीटर येते. हा फरक सुमारे १.४७ चौरस मीटर, म्हणजे जवळपास १६ चौरस फूट आहे. तीन मीटरच्या भिंतीला बरोबर बसणारे कपाट अशा आराखड्यात बसत नाही. उलट, बाहेरून घेतलेली मापे मध्यरेषेला दिल्यास खोली प्रत्यक्षापेक्षा मोठी दिसते आणि आराखड्यात बसलेले कपाट घरात बसत नाही.

आतून मोजलेल्या मापात दोन्ही टोकांच्या भिंतींची अर्धी-अर्धी जाडी मिळवून मध्यरेषेची लांबी काढणे हा यावरचा उपाय आहे. वरील उदाहरणात ही लांबी ३.२३ मीटर × ३.८३ मीटर येते. भिंत काढत असताना एंटर कळ दाबल्यास लांबी आणि कोन आकड्यांत देता येतात, त्यामुळे माउसच्या हालचालीवर विसंबून राहावे लागत नाही. भिंतीची जाडी नंतर बदलली तर मध्यरेषा जागीच राहते आणि भिंत दोन्ही बाजूंना सारखी फुगते किंवा आकसते. म्हणून जाडी बदलल्यावर आतील मापे पुन्हा तपासावी लागतात.

### खोलीचे क्षेत्रफळ न बदलणे

भिंतींनी बंदिस्त झालेल्या जागेत खोलीचे साधन निवडून दोनदा क्लिक केल्यास खोली आपोआप तयार होते. ती तयार होत नसल्यास भिंतींमध्ये कुठेतरी फट असते. आराखडा मोठा करून पाहिल्यास न जुळलेला कोपरा दिसतो. एका भिंतीचे टोक दुसऱ्या भिंतीच्या टोकावर ओढून नेल्यास दोन्ही भिंती जोडल्या जातात.

खोली तयार झाल्यानंतर भिंत सरकवल्यास खोलीची बहुभुजाकृती भिंतीबरोबर सरकत नाही आणि पूर्वीचेच क्षेत्रफळ दाखवत राहते. मापरेषांचेही असेच असते. अशा वेळी जुनी खोली काढून टाकून नव्याने दोनदा क्लिक करणे हा सर्वांत निर्धोक मार्ग आहे. एकाच जागेत नजरचुकीने दोन खोल्या एकमेकींवर तयार झाल्यास एकूण क्षेत्रफळ दुप्पट मोजले जाण्याचा धोका असतो.

### चटई क्षेत्राशी तुलना

सदनिका विकत घेताना अनेक जण सॉफ्टवेअरमधील क्षेत्रफळाची विकासकाने दिलेल्या चटई क्षेत्राशी तुलना करतात. स्थावर संपदा (नियमन व विकास) अधिनियम, २०१६ नुसार चटई क्षेत्र म्हणजे सदनिकेतील निव्वळ वापरण्यायोग्य क्षेत्र होय. बाहेरील भिंतींखालील क्षेत्र, सेवा-नलिकांची जागा, तसेच त्या सदनिकेसाठीच असलेली बाल्कनी किंवा व्हरांडा आणि खुली गच्ची त्यात धरली जात नाहीत; मात्र सदनिकेच्या आतील विभाजक भिंतींखालील क्षेत्र धरले जाते. महाराष्ट्रात या कायद्याची अंमलबजावणी महारेरा हे प्राधिकरण करते.

सॉफ्टवेअर प्रत्येक खोलीचे क्षेत्रफळ भिंतींच्या आतील कडांपर्यंत मोजते. त्यामुळे सर्व खोल्यांची बेरीज केल्यास विभाजक भिंतींखालील जागा सुटते आणि बेरीज चटई क्षेत्रापेक्षा कमी येते. बाल्कनी खोली म्हणून आखली असल्यास ती बेरीज उलट वाढते. म्हणून केवळ बेरजेतील तफावतीवरून क्षेत्र कमी दिले गेले असा निष्कर्ष काढता येत नाही. योग्य तुलनेसाठी बाल्कनी वगळून, बाहेरील भिंतींच्या आतील कडेने संपूर्ण सदनिकेची एकच बहुभुजाकृती आखावी आणि तिच्या क्षेत्रफळातून सेवा-नलिकांची जागा वजा करावी. चौरस मीटरचे चौरस फुटांत रूपांतर करताना १०.७६४ ने गुणावे लागते.

## दारे, खिडक्या आणि मजले

सूचीतील दार किंवा खिडकी भिंतीवर ठेवल्यास भिंतीत आपोआप पोकळी तयार होते. बाहेरून आणलेल्या दाराच्या प्रतिरूपाबाबत मात्र तसे घडत नाही आणि दारामागे भिंत तशीच दिसते. प्रतिरूप आयात करताना ते 'दार किंवा खिडकी' आहे ही नोंद केली नसल्यास सॉफ्टवेअर त्याला साधे फर्निचर समजते. अशी वस्तू काढून ती नोंद करून पुन्हा आयात करावी लागते. दार भिंतीच्या जाडीत पूर्ण शिरलेले नसल्यासही पोकळी अपुरी राहू शकते. अशा वेळी दाराची खोली आणि स्थान तपासावे.

दुमजली घरात जिन्याच्या वर छतात वाट तयार न होणे ही याच प्रकारची अडचण आहे. सूचीतील जिने वरच्या मजल्याच्या जमिनीत आपोआप वाट करतात. आयात केलेल्या जिन्याची तशी नोंद करावी लागते. नवीन मजला जोडताना जमिनीची पूर्वनिर्धारित जाडी १२ सेंटिमीटर असते. खालच्या भिंतींची उंची आणि वरच्या मजल्याची पातळी यांचा मेळ न बसल्यास त्रिमितीय दृश्यात दोन मजल्यांमध्ये फट दिसते.

प्रत्येक भिंतीला डावी व उजवी अशा दोन बाजू असतात आणि त्या भिंत ज्या दिशेने काढली त्यावर ठरतात. आतून द्यायचा रंग बाहेरून लागला, तर दोन्ही बाजूंचे रंग बदलून द्यावेत किंवा भिंतीची दिशा उलट करण्याची आज्ञा वापरावी.

## आयात केलेल्या प्रतिरूपांच्या अडचणी

ओबीजे, कोलाडा, थ्रीडीएस आणि केएमझेड या प्रकारची त्रिमितीय प्रतिरूपे आयात करता येतात. स्केचअपची मूळ फाइल थेट उघडत नाही. ती आधी कोलाडा किंवा केएमझेड प्रकारात जतन करून घ्यावी लागते.

* वस्तू पांढरी किंवा करडी दिसणे : ओबीजे प्रतिरूपाचे रंग आणि पोत वेगळ्या फाइलींमध्ये असतात. फक्त मुख्य फाइल आयात केल्यास त्या सापडत नाहीत. सर्व संबंधित फाइली एकाच झिप संचयिकेत बांधून ती आयात करावी.
* वस्तू आडवी पडणे : निरनिराळ्या सॉफ्टवेअरमध्ये 'वरची' दिशा वेगवेगळ्या अक्षावर मानली जाते. आयातीच्या वेळी दिशा निवडण्याची पायरी असते, तेथे वस्तू फिरवून घ्यावी.
* वस्तू अवाढव्य किंवा अतिलहान दिसणे : अनेक प्रतिरूपांत मापाचे एकक नोंदवलेले नसते. आयातीच्या वेळीच रुंदी, खोली व उंची प्रत्यक्ष मापाप्रमाणे द्यावी.
* काही पृष्ठभाग गायब होणे : प्रतिरूपातील पृष्ठे एकाच बाजूने दिसतील अशी रचलेली असू शकतात. मागील पृष्ठे दाखवण्याचा पर्याय निवडल्यास ती दिसू लागतात.

## त्रिमितीय दृश्य आणि चित्रण

### दृश्य न दिसणे

त्रिमितीय भाग काळा किंवा रिकामा दिसणे, अथवा सॉफ्टवेअर सुरू होताच बंद पडणे, या तक्रारींचे मूळ बहुधा चित्रपत्त्याच्या जुन्या चालकप्रणालीत असते. कार्यकारी प्रणालीने आपोआप बसवलेली चालकप्रणाली पुरेशी नसल्यास चित्रपत्त्याच्या निर्मात्याची अद्ययावत प्रणाली बसवावी. दोन चित्रपत्ते असलेल्या लॅपटॉपवर सॉफ्टवेअर अधिक सक्षम पत्त्यावर चालेल अशी व्यवस्था करता येते. त्रिमितीय दृश्य पूर्णतः बंद ठेवून फक्त आराखडा उघडण्याची सोयही असते; त्यामुळे दृश्यातील बिघाडाने फाइलमधील काम अडकून पडत नाही.

### काळपट छायाचित्र आणि लागणारा वेळ

छायाचित्राच्या गुणवत्तेच्या चार पातळ्या असतात. पहिल्या दोन पातळ्यांत चित्र त्रिमितीय दृश्यासारखेच आणि लगेच तयार होते. वरच्या दोन पातळ्यांत प्रकाशकिरणांचा मार्ग मोजला जातो. आराखड्यात ठेवलेल्या दिव्यांचा प्रकाश या वरच्या दोन पातळ्यांतच पडतो. छत असलेल्या आणि खिडकी नसलेल्या खोलीत दिवा ठेवलेला नसल्यास चित्र काळपट येणे स्वाभाविक आहे. दिव्यांची तीव्रता वाढवणे किंवा चित्रणाची वेळ दिवसाची ठेवणे हे उपाय आहेत. मोठ्या आकाराच्या उच्चतम पातळीवरील चित्राला काही तासही लागू शकतात. म्हणून आधी लहान आकारात चाचणी घेणे श्रेयस्कर ठरते.

### चुकीच्या दिशेने येणारे ऊन

सूर्यप्रकाशाची दिशा आराखड्यावरील होकायंत्र, ठिकाणाचे अक्षांश-रेखांश आणि निवडलेली तारीख व वेळ यांवरून ठरते. छापील नकाशात उत्तर दिशा नेहमी वरच्या बाजूला असतेच असे नाही. होकायंत्र फिरवून न घेतल्यास पूर्वेच्या खिडकीतून संध्याकाळचे ऊन येताना दिसते. पुण्यातील घरासाठी सुमारे १८.५ अंश उत्तर अक्षांश आणि ७३.९ अंश पूर्व रेखांश द्यावे लागतात.

### खोली मोठी भासणे

आभासी पाहुण्याच्या दृष्टिक्षेत्राचा कोन वाढवल्यास एकाच चित्रात अधिक भाग मावतो, पण खोली प्रत्यक्षापेक्षा प्रशस्त भासते. मापे बरोबर असूनही चित्र दिशाभूल करू शकते. फर्निचरभोवती चालण्यास किती जागा उरते हे चित्रावरून न ठरवता आराखड्यावर मापरेषा काढून तपासावे. आभासी पाहुणा भिंतीतून आरपार जाऊ शकतो. हा बिघाड नसून तशीच रचना आहे.

## स्मृती, वेग आणि फाइलची सुरक्षितता

काम वाढत गेल्यावर सॉफ्टवेअर मंदावणे किंवा स्मृती अपुरी असल्याचा संदेश येणे ही सामान्य बाब आहे. जावामध्ये चालणाऱ्या आज्ञावलीला संगणकाच्या एकूण स्मृतीपैकी एक ठरावीक कमाल हिस्साच मिळतो. त्यामुळे संगणकात स्मृती शिल्लक असूनही असा संदेश येऊ शकतो. ही मर्यादा सुरुवातीच्या मांडणीतून वाढवता येते. मात्र ३२ बिटांच्या आवृत्तीत ती फारशी वाढत नाही, तेथे ६४ बिटांची आवृत्ती बसवणे आवश्यक ठरते. पडदे, झाडे आणि नक्षीदार आसने यांच्या प्रतिरूपांत पृष्ठांची संख्या प्रचंड असू शकते. अशा वस्तू काम चालू असताना अदृश्य करून ठेवल्यास वेग सुधारतो. मोठी प्रतिमा पोत म्हणून आणताना तिचा आकार कमी करण्याचा पर्याय सुचवला जातो. तो स्वीकारणे सहसा हितावह असते.

वीज गेल्यास किंवा सॉफ्टवेअर अचानक बंद पडल्यास काम वाचावे म्हणून ठरावीक मिनिटांनी पुनर्प्राप्तीसाठी प्रत साठवण्याची सोय पसंतीच्या खिडकीत आहे. ती चालू असल्यास पुढच्या वेळी सॉफ्टवेअर उघडताच जतन न झालेले घर समोर येते. ही सोय फाइल नियमित जतन करण्याला पर्याय नाही. ईमेल किंवा पेन ड्राइव्हद्वारे नेताना फाइल अर्धवट उतरल्यास ती उघडत नाही. शक्य असेल तेव्हा सॉफ्टवेअर बिघडलेल्या वस्तू वगळून किंवा बदलून उरलेले घर उघडण्याचा प्रस्ताव देते. नव्या आवृत्तीत जतन केलेली फाइल जुन्या आवृत्तीत उघडताना काही माहिती गळू शकते, म्हणून एकाच आराखड्यावर काम करणाऱ्या सर्वांनी समान आवृत्ती वापरणे इष्ट असते. मोठा बदल करण्यापूर्वी फाइल वेगळ्या नावाने जतन केल्यास मागे परतणे सोपे जाते.

आराखड्यावरील देवनागरी मजकुराऐवजी रिकामे चौकोन दिसल्यास निवडलेल्या अक्षरटंकात देवनागरी अक्षरे नसतात. मजकुराच्या शैलीतून देवनागरीसह असलेला टंक निवडल्यास तो नीट दिसतो.

## मर्यादा

स्वीट होम थ्रीडी हे मांडणीचे आणि दृश्य कल्पनेचे साधन आहे. भिंत भारवाहक आहे की केवळ विभाजक, तिच्यातून तुळई किंवा पाण्याची नळी जाते की नाही, हे त्याला कळत नाही. आराखड्यात एका क्लिकने काढता येणारी भिंत प्रत्यक्षात इमारतीचा भार पेलत असू शकते. त्यामुळे भिंत पाडणे, दाराची जागा बदलणे किंवा गच्चीवर बांधकाम करणे यांसारख्या बाबींत संरचना अभियंत्याचा सल्ला अनिवार्य मानला जातो. या सॉफ्टवेअरमधील आराखडा बांधकाम परवानगीच्या नकाशाची जागा घेऊ शकत नाही. तरीही सुताराला, रंगाऱ्याला किंवा वास्तुविशारदाला आपली अपेक्षा मापांसह दाखवण्यासाठी तो उपयुक्त ठरतो. प्रत्यक्ष काम सुरू होण्यापूर्वी घरातील प्रत्येक माप टेपने घेऊन आराखड्याशी ताडून पाहणे आवश्यक असते.

## हेही पहा

* मुक्त सॉफ्टवेअर
* संगणक साहाय्यित आरेखन
* अंतर्गत सजावट
* स्थावर संपदा (नियमन व विकास) अधिनियम, २०१६